दंगलींची मोजदाद

१९६७ सालच्या पहिल्या नऊ महिन्यांत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दंगली किती झाल्या, या साध्या प्रश्नाला निरनिराळ्या संस्थांनी दिलेली उत्तरे ५१ पासून २१७ पर्यंत होती. वृत्तसंस्था, दूरचित्रवाणी आणि पोलीस यांचे जाळे ज्या देशात बहुधा सर्वांत दाट विणलेले होते, त्या देशातील आणि लोकांच्या डोळ्यांदेखत चाललेल्या वर्षाची ही गणना. तरीही एक मोजणारा दुसऱ्याच्या चौपट आकडा सांगत होता. अध्यक्ष जॉन्सन यांनी नेमलेल्या कर्नर आयोगाने हा गोंधळ प्रांजळपणे नमूद केला, स्वतःपुरती १६४ ही संख्या धरली, आणि तिची ८ मोठ्या, ३३ गंभीर व १२३ किरकोळ अशी वाटणी करून पुढील काम चालविले. यांपैकी कोणाचे गणित चुकले होते असे म्हणता येत नाही. प्रत्येकाने काहीतरी मोजले होते, फक्त ते एकच काहीतरी नव्हते.

एका देशाच्या नऊ महिन्यांची ही कथा, तर प्राचीन काळापासून आजवर साऱ्या जगात झालेल्या दंगलींची कालक्रमाने सूची करू पाहणाऱ्याची अवस्था काय होत असेल, याची कल्पना करावी. अशा सूची आहेत, आणि त्या करणाऱ्यांच्या परिश्रमांविषयी माझ्या मनात आदरच आहे. त्यांच्यात लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क यांच्या नावांपुढे ओळीमागून ओळी दिसतात आणि अर्ध्या पृथ्वीच्या वाट्याला शतकाला एखादी नोंद येते, हा दोष तर वरवर पाहणाऱ्यालाही दिसतो व अधिक वाचन करून तो काही अंशी दूरही करता येतो. मला अधिक मूलगामी वाटणारी अडचण निराळी आहे. जिला आपण दंगल म्हणतो तो जमाव आणि सत्ता या दोन पक्षांमधला व्यवहार असतो. सूचीत मात्र तो नेहमी एकट्या जमावाच्या खाती मांडला जातो. व्याख्येच्या बहुतेक अडचणी, आणि मोजणीच्या तर जवळजवळ सर्वच, या एकतर्फी जमाखर्चातून उत्पन्न होतात.

कायद्याने व्याख्या केलेली आहे, मग वाद कशाला, असे कोणी विचारील. कायद्याच्या व्याख्या अवश्य पाहाव्यात. जुन्या इंग्रजी रिवाजी कायद्यात तिघांनी मिळून दंगल होत असे. १७१४ सालच्या प्रसिद्ध दंगल कायद्याने बारा माणसे मागितली. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने बेकायदा जमावासाठी पाचांची अट घातली. आणि १९८६ साली इंग्लंड पुन्हा बारांवर आले. १७१४ च्या कायद्याची खरी मौज मात्र संख्येत नाही. दंडाधिकाऱ्याने जमावासमोर उभे राहून राजाच्या नावाचा पुकारा वाचावयाचा, आणि त्यानंतर एक तासाने जे बारा किंवा अधिक लोक तेथे उरतील ते देहान्त शिक्षेस पात्र ठरावयाचे, अशी ती योजना होती. म्हणजे त्या अपराधाचे स्वरूप जमावाने काय केले यापेक्षा सरकारने काय वाचले आणि घड्याळात किती वाजले यांवर अधिक अवलंबून होते. १६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानात संसदीय सुधारणांसाठी भरलेल्या प्रचंड सभेवर घोडदळ घातले गेले, तेव्हा पुकारा वाचला होता असे दंडाधिकारी सांगत राहिले आणि आम्हाला तो ऐकूच आला नाही असे सभेतील लोक सांगत राहिले. तो पुकारा झाला असेल तर सभेला दंगल म्हणावे, झाला नसेल तर कत्तल म्हणावे, असा हा मामला होता. लोकांनी वॉटर्लूच्या धर्तीवर ‘पीटर्लू’ हे नाव देऊन आपला निकाल तेव्हाच लावून टाकला.

आपल्याकडील पाचांच्या अटीने निराळाच चमत्कार केला आहे. सामाईक उद्देशाने जमलेल्या पाच माणसांपैकी एकानेही बळ वापरले की सर्व पाचांवर दंग्याचे कलम लागते. त्यामुळे बांधावरून भाऊबंदांनी काठ्या उगारल्या, किंवा पाण्याच्या पाळीवरून दोन वाड्या भिडल्या, तरी फौजदारी दफ्तरात तो दंगाच ठरतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत दंग्यांची वार्षिक संख्या कित्येक वर्षे पन्नास हजारांच्या पुढे दिसते ती याच कारणाने. उलट आशुतोष वार्ष्णेय आणि स्टीव्हन विल्किन्सन या अभ्यासकांनी १९५० ते १९९५ या काळातील हिंदु-मुस्लिम दंगलींची जी यादी मुंबईच्या एका इंग्रजी दैनिकाचे अंक चाळून सिद्ध केली, तिच्यात या बांधावरच्या दंग्यांना साहजिकच जागा नाही; पण जिथवर वार्ताहर पोहोचला नाही त्या गावांनाही नाही. एक यादी ठाणेदाराने केलेली, दुसरी संपादकाने. आता भारतीय न्याय संहितेत कलमांचे क्रमांक बदलले. पाचाचा आकडा मात्र तसाच राहिला आहे.

एकक कोणते धरावे हाही प्रश्न आहेच. १९१८ च्या जुलैत जपानच्या तोयामा प्रांतातील कोळणींनी तांदूळ बाहेरगावी जाऊ देण्यास विरोध केला, आणि पाहता पाहता ते लोण शेकडो शहरांत, गावांत व खाणींत पसरून अखेर तेराउची मंत्रिमंडळ कोसळले. ही एक दंगल की शेकडो? मी यावर फार वेळ घालविणार नाही, कारण आपण काय मोजतो हे मोजणाऱ्याने प्रारंभीच सांगून ठेवले तर या अडचणीतून वाट निघते. नोंद कोणी ठेवली आणि का ठेवली, या प्रश्नातून तशी सहज वाट निघत नाही.

आपल्याच मुलखातील उदाहरण घ्यावयाचे तर १८७५ सालचे दख्खनचे दंगे घ्यावेत. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे चढलेले कापसाचे भाव १८६५ नंतर उतरले, सावकारांनी हात आखडता घेतला, फेरपाहणीने शेतसारा वाढला, आणि मुदतीच्या कायद्यामुळे दर तीन वर्षांनी खत नवे करून देताना मुद्दलात व्याज मिळवून कर्ज फुगत गेले. या परिस्थितीत १२ मे रोजी भीमथडी तालुक्यातील सुप्याच्या बाजारात जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चाल केली. पुढे पुणे व अहमदनगर या जिल्ह्यांतील तीसांहून अधिक गावी तसेच प्रकार घडले. जमावाचा रोख माणसांवर फारसा नव्हता, कागदांवर होता. खते, वह्या, न्यायालयाचे हुकूमनामे हाती लागले की ते जाळावयाचे. सावकाराने ते मुकाट्याने स्वाधीन केले तर बहुधा त्याच्या केसालाही धक्का लावावयाचा नाही, अशी जमावाची रीत होती. ज्या दस्तऐवजाच्या बळावर न्यायालय आपली जमीन दुसऱ्याच्या नावे करते तो दस्तऐवजच नाहीसा करावा, असा हा विचार होता. त्यात संताप होता, आणि कायद्याचे एक प्रकारचे अचूक आकलनही होते.

सत्तावन्नच्या आठवणी अजून ताज्या असलेल्या हिंदुस्थान सरकारने मुंबई सरकारच्या मागे लागून चौकशी करविली, आयोग नेमला गेला, जबान्या आणि कैफियती घेतल्या गेल्या, कर्जांचे, जमिनींचे व भावांचे तक्ते तयार झाले. काही गावांतील कागद जळाले आणि त्यांच्या राखेतून सरकारी कागदांचे खंडच्या खंड निर्माण झाले. सरकारची साऱ्याची मागणी या उद्रेकास कारण झाली काय, हे आयोगाने खास करून तपासावयाचे होते; त्याने सर्व पुरावा मांडला आणि दोष सावकारांच्या पदरी घातला. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. इतके सारे घडल्यावर हे दंगे इतिहासात ठळक झाले नसते तरच नवल. पुढे १९७२ साली नील चार्ल्सवर्थ या इतिहासकाराने, ही मूळची मर्यादित घटना चौकशीमुळे आणि कायद्यामुळे फुगली, या दंग्यांचे महत्त्व ही एक दंतकथाच आहे, असे प्रतिपादन केले. त्याचे म्हणणे मला पूर्णांशाने पटत नाही, कारण तीस गावांत कागदच तेवढे जाळण्याची एकवाक्यता ही लहान गोष्ट नव्हे; परंतु सूचीतील एखाद्या नोंदीचा आकार घटनेवरून ठरत नसून तिच्यापायी किती दफ्तर निर्माण झाले यावरून ठरतो, एवढे त्याने निर्विवाद दाखवून दिले आहे.

याच्या उलट बाजूस पुण्यातलेच एक प्रकरण आहे. १७९१ च्या ऑगस्टअखेर घाशीराम कोतवालाने कोठडीत कोंडलेल्या तेलंगी ब्राह्मणांपैकी बरेच जण गुदमरून मेले, ब्राह्मणांचा जमाव न्याय मागत दाराशी आला, आणि सरकारने कोतवालाला त्या जमावाच्याच हवाली केले. जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले. नाटकामुळे हे प्रकरण महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाले आहे. पण त्याला दंगल कोणी म्हणत नाही, कारण जमावाच्या हातचा दगड आणि सरकारचा हुकूम येथे एकाच दिशेने गेले. सत्तेने विरोध केला असता तर तीच माणसे, तोच दगड आणि तेच प्रेत दंगलीच्या सदरात गेले असते.

सत्तेने जमावाशी हातमिळवणी केली की नोंदीचे काय होते, याचे अधिक भयंकर उदाहरण ओक्लाहोमातील टल्सा शहराचे आहे. ३१ मे व १ जून १९२१ या दोन दिवसांत गोऱ्या जमावाने, ज्यात पोलिसांनी ऐनवेळी नेमलेले हंगामी शिपाईही होते, ग्रीनवुड हा कृष्णवर्णीयांचा संपन्न भाग जाळून बेचिराख केला. हजारांहून अधिक घरे गेली. याला ‘वांशिक दंगल’ म्हटले गेले, आणि ते म्हणणे निव्वळ शब्दांपुरते नव्हते. विम्याच्या करारांत दंगलीमुळे झालेले नुकसान वगळलेले असे. दंगल हे नाव चिकटताच विमेवाल्यांची देणे देण्याची जबाबदारी सरली, आणि १९२६ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा एका दाव्यात विमा कंपनीच्याच बाजूने निकाल दिला. इंग्लंडात १८८६ च्या कायद्याने उलटी व्यवस्था होती: तेथे दंगल ठरली तर नुकसान पोलीस निधीतून भरून द्यावे लागे, म्हणून ती दंगल नव्हतीच असे म्हणण्यात अधिकाऱ्यांचे हित असे. आमच्याकडे १८६१ च्या पोलीस कायद्याने अशांत मुलखात जादा पोलीस बसवून त्याचा खर्च रहिवाशांवर टाकण्याची सोय केली होती. अटलांटिकच्या या तीरावर ज्या नावाने पैसे मिळावेत त्याच नावाने त्या तीरावर ते बुडावेत, आणि हिंदुस्थानातल्या रहिवाशाला ते उलट भरावे लागावेत! असल्या हिशेबांतून बाहेर पडलेल्या नोंदी सूचीकर्ता एकाखाली एक लिहितो आणि त्यांची बेरीज करतो.

१९७८ च्या जुलैत मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने केल्यानंतर नांदेड, परभणी आणि इतर जिल्ह्यांतील गावोगावच्या दलित वस्त्यांवर जे हल्ले झाले, त्यांनाही वृत्तपत्रांत दंगल हेच नाव मिळाले. या नावाने दोन समबल पक्ष समोरासमोर उभे असल्याचा भास होतो; प्रत्यक्षात जळत होत्या त्या झोपड्या एकाच बाजूच्या होत्या. दंगल हा शब्द येथे घटनेचे वर्णन करीत नाही, दोष समसमान वाटून देतो.

आता राहिला तो मृतांचा रकाना, आणि सूचींत तोच अत्यंत निर्विकारपणे भरला जातो. इसवी सन ५३२ च्या जानेवारीत कॉन्स्टँटिनोपलमध्ये रथशर्यतींच्या निळ्या व हिरव्या पक्षांनी एकत्र येऊन जस्टिनियन बादशहाविरुद्ध जो उठाव केला, त्याच्यापुढे ‘मृत ३०,०००’ असे लिहिलेले आढळते. हा आकडा प्रोकोपियस या समकालीन इतिहासकाराचा आहे; तो अचूक मानण्याचे कारण नाही, पण ही माणसे कोणी मारली हे त्याने स्पष्ट लिहून ठेवले आहे. जमाव शर्यतीच्या रिंगणात कोंडला गेल्यावर बेलिसॅरियस आणि मुंडस यांच्या सैन्याने दोन बाजूंनी आत शिरून ती कत्तल केली. १७८० च्या लंडनमधील गॉर्डन दंगलीत न्यूगेटचा तुरुंग जळाला, सरन्यायाधीश मॅन्सफील्डचे घर लुटले गेले. सूचीत येणारे २८५ मृत मात्र लष्कराच्या गोळीबाराचे आहेत. जॉर्ज रूडे याने पोलीस आणि न्यायालयीन कागदांतून अठराव्या शतकातील जमावांचा जो अभ्यास केला, त्यात हे जमाव घरे पाडतात, मालमत्ता जाळतात, पण माणूस मारण्याचे काम बहुधा त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्यांकडून होते, असे त्याला वारंवार आढळले. विसाव्या शतकातील जमावांविषयी असे म्हणण्याची सोय उरलेली नाही, हे खरे. पण म्हणूनच मारणारा कोण याचा रकाना अधिक आवश्यक झाला आहे.

तो भरता येतो. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मधील मुंबईच्या दंगलीचा अहवाल देताना न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने ९०० मृतांची धर्मवार नोंद केली: ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ५ इतर, आणि ज्यांची ओळख पटली नाही असे ४५. एवढ्यावर न थांबता मृत्यूच्या कारणांचा तक्ताही त्याने दिला. भोसकून ३४७, जाळपोळीत ९१, जमावाच्या हातून ८०, खासगी गोळीबारात २२, इतर कारणांनी ४. आणि पोलिसांच्या गोळीबारात ३५६.