ज्याचे त्याचे ओझे



गेल्या डिसेंबरातली गोष्ट. सकाळची मिस्सा आटोपून मी व्हरांड्यात आलो, तर आपल्याच धर्मग्रामातला एक तरुण भिंतीला सायकल टेकवून उभा होता. बारामतीच्या एमआयडीसीत नोकरी, वय तेवीस-चोवीस. दुसऱ्या दिवशी पहाटे पुण्याहून ३०० किलोमीटरच्या सायकल मोहिमेला निघायचे होते, म्हणून तो आशीर्वाद घ्यायला आला होता. सायकल जाड टायरची, डोंगरात चालवायची. हँडलला, मधल्या दांड्याला आणि सीटखाली पिशव्या बांधलेल्या.

"यात एवढं काय भरलंय?" मी विचारले. त्याने सगळे सामान फरशीवर मांडले. दोन ट्यूब, पंक्चरचे सामान, टायर काढायच्या पट्ट्या, हातपंप, चाव्यांचा संच, साखळीची एक जादा कडी. पुढचा दिवा, मागचा लाल दिवा, रात्री चमकणारे जाकीट. पॉवर बँक, ओआरएसची पाकिटे, खजूर, शेंगदाण्याची चिक्की, पातळ रेनकोट, थोडे रोख पैसे.

"आणि मागे गाडी कोणाची असणार?"

"गाडी चालत नाही, फादर. नियमच आहे. स्वतःचं स्वतः."

'स्वतःचं स्वतः' हे शब्द तेव्हापासून माझ्या मनात घोळत आहेत. त्यांच्याविषयीच आज थोडे लिहितो.

या मोहिमांना ब्रेव्हे म्हणतात. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबने १९२१ साली, प्रत्येकाने आपापल्या वेगाने जायचे, या तत्त्वावर त्या सुरू केल्या. आता पुण्या-मुंबईसह देशभर त्या होतात. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत पूर्ण करायचे. ठरलेल्या नाक्यांवर कार्डावर नोंद करून घ्यायची. पहिला-दुसरा नंबर नाही, बक्षिसाची रक्कम नाही. घरच्या माणसांनी मदत करायची तर फक्त त्या नाक्यांवर. दोन नाक्यांच्या मध्ये गाडी मागे-पुढे ठेवता येत नाही. कॅनडातील बॅन्फपासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत रॉकी पर्वतातून जाणारी 'टूर डिव्हाइड' तर याहून कडक. ४,३०० किलोमीटरहून अधिक वाट, तीही बहुतेक कच्ची. दुकानात खरेदी करा, लॉजमध्ये झोपा, पण ती सोय सर्वांना खुली हवी. मित्राने ठरवून वाटेत आणून दिलेला डबा चालत नाही.

याच्या उलटही शर्यती आहेत. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघाने 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली, सुमारे ४,८०० किलोमीटर. तिथे सोबत गाडी आणि मदतनीस असावेच लागतात. म्हणून त्या भावांचे कष्ट कमी ठरतात काय? मुळीच नाही. मग 'स्वतःचं स्वतः' या नियमाचे मोल नेमके कशात आहे?

त्या पिशव्यांकडे पुन्हा पाहू या. मुलगा म्हणाला, "फादर, पहिल्या वेळी मी दुप्पट सामान नेलं होतं. चढावर प्रत्येक वस्तू पायांना कळते." जादा सामान बहुधा भीतीने भरलेले असते. हे लागले तर, ते बिघडले तर. पण हलक्या पिशवीचेही कौतुक सरसकट करू नये. एखादा ट्यूब नेतच नाही, कारण त्याला ठाऊक असते की कोणीतरी देईल. त्याची सायकल हलकी असते खरी, पण ते वजन त्याने दुसऱ्याच्या पिशवीत टाकलेले असते. हा साधेपणा नव्हे. एका पिशवीत भीती जास्त झाली, दुसरीत दुसऱ्याचा विचारच नाही. योग्य सामान भरणे ही नुसती हिशेबाची बाब नाही, ती नीतीचीही बाब आहे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा एक विचार भेटला होता. सुखी जीवन स्वयंपूर्ण असते, असे तो म्हणतो. पण लगेच पुढे स्पष्ट करतो की स्वयंपूर्ण म्हणजे एकट्याचे जीवन नव्हे. आईवडील, मुले, पत्नी, मित्र, गावातली माणसे यांच्यासह जे पुरेसे असते ते. तेव्हा मला हा शब्दांचा खेळ वाटला होता. आता तसे वाटत नाही. त्या मुलाच्या ट्यूबचे रबर कोणी काढले? रस्त्याची खडी कोणी फोडली? रात्री दोन वाजता चहाचे दुकान कोणी उघडे ठेवले? पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवून जगप्रदक्षिणा केली. बहुतांश वाट एकटीची, सामान स्वतःचे. कॅनडात अस्वल मागे लागले, स्पेनमध्ये चाकूचा धाक दाखवून लुटले गेले. तिच्या धैर्याला तोड नाही. पण अशी वाट कोणालाही माणसांच्या जगातूनच काढावी लागते. १९२३ मध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जग पाहायला निघाले. त्यातील अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तिघांनी १९२८ मध्ये ती फेरी पूर्ण केली. इराणच्या वाळवंटातून जाताना पाणी काही पिशवीत जन्माला येत नाही.

आता आपल्या मुलाचे काय झाले ते सांगतो. त्याच्या परवानगीनेच लिहीत आहे.

जाताना सगळे ठीक झाले. परतीच्या वाटेवर रात्री अकराच्या सुमारास, साताऱ्याच्या अलीकडे, त्याला उलट्या सुरू झाल्या. ओआरएस पोटात राहीना. तरी तो सायकल चालवत राहिला. मग ढकलत राहिला. शेवटी ऊसतोड कामगारांच्या कोप्यांजवळ रस्त्याकडेला बसला. एक बाई बाहेर आली. तिने पाणी दिले, अंगावर गोधडी टाकली आणि विचारले, "पोरा, घरच्यांना फोन लावू का?" तो म्हणाला, "नको मावशी, मी करतो सगळं." खिशात फोन होता, फोनला चार्जिंग होते. पण नाक्यांबाहेर मदत घेतली तर मोहीम बाद. त्याने तब्बल दीड तास फोन केला नाही. अंगाला कापरे भरले, तेव्हा केला. वडील शेजाऱ्याची पिकअप घेऊन पहाटे तिथे पोहोचले. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर अवघड होते.

चार दिवसांनी तो मला भेटला. मोहीम अर्धवट राहिल्याचे त्याला फारसे वाईट वाटत नव्हते. "फोन करावा लागला, त्याची लाज वाटते," असे तो म्हणाला.

हे ऐकून मला संत पौलाच्या गलतीकरांस पत्रातला सहावा अध्याय आठवला. तिथे दुसऱ्या ओवीत पौल सांगतो की एकमेकांची ओझी वाहा. आणि तीनच ओव्यांनंतर सांगतो की प्रत्येकाने आपला भार आपणच वाहिला पाहिजे. हा विरोधाभास आहे काय? मूळ ग्रीकमध्ये शब्द दोन आहेत. पहिला 'बारोस', म्हणजे माणसाला चिरडून टाकणारे वजन. दुसरा 'फोर्तीऑन', म्हणजे ज्याच्या त्याच्या वाट्याचा भार, जसे प्रवाशाचे गाठोडे. गाठोडे ज्याचे त्याने उचलायचे. चिरडणारे वजन मात्र एकट्याचे नसते, ते सर्वांनी मिळून उचलायचे.

ब्रेव्हेचा नियम गाठोड्यापुरता आहे. पंक्चर, भूक, झोप, चढ हे गाठोडे. कापरे भरणारा ताप हे गाठोडे नव्हे. मोहीम सोडून देणे हेही नियमात बसतेच, त्याला कोणी मनाई केलेली नाही. मनाई केली होती ती त्या मुलाच्या मनाने. साताऱ्याजवळच्या त्या रात्री तो नियम पाळत नव्हता. तो नियमाच्या आड लपला होता.

आपल्या पणदऱ्यात आणि आसपास हे दोन्ही शब्द रोज जगले जातात. पतसंस्थेचे कर्ज आपण काढतो आणि जामीन राहिलेल्या भावकीतल्या माणसाला नोटीस येते. हे आपले गाठोडे दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणे झाले. दुसरीकडे, आपल्यातल्याच एका घरात दवाखान्याच्या बिलासाठी मंगळसूत्र मोडले गेले आणि शेजारच्या घराला ते सहा महिन्यांनी कळले. "लोकांपुढे हात पसरायचा नव्हता," असे त्या माउलीने मला सांगितले. तिच्या स्वाभिमानाला मी वंदन करतो. पण तिच्या शेजारणीलाही मी भेटलो. तीही रडत होती. "मला एकदा सांगितलं असतं तर?" मदत न मागून आपण कधी कधी समोरच्याला मदत करण्याची संधीच नाकारतो.

हे मी उपदेश म्हणून लिहीत नाही. गेल्या पावसाळ्यात मी तीन दिवस तापाने पडून होतो आणि कोणालाही कळवले नाही. धर्मगुरूने कशाला लोकांना त्रास द्यायचा, हा माझा विचार. तिसऱ्या दिवशी एक आजी भाकरी आणि कुळथाचे पिठले घेऊन आल्या आणि चांगल्याच रागावल्या. त्यांचे बरोबर होते. मी ज्याला नम्रता समजत होतो, तो अहंकारच होता.

गाठोडे कोणते आणि चिरडणारे वजन कोणते, हे ओळखायचे कसे? याचे सूत्र माझ्याकडे नाही. एक खूण मात्र सांगता येईल. आपल्या जागी शेजारी असता, तर आपण त्याला काय म्हटले असते? "अरे, फोन कर की!" असे म्हटले असते, तर आपणही करावा.

तो मुलगा येत्या हिवाळ्यात पुन्हा जाणार आहे. परवा त्याने पिशवी दाखवली. सामान जवळजवळ तेच आहे, फक्त दोन गोष्टी वाढल्या आहेत. एका चिठ्ठीवर चार फोन नंबर लिहून प्लास्टिकमध्ये घातले आहेत. आणि दोनाऐवजी तीन ट्यूब आहेत. "तिसरी कशाला?" मी विचारले.

"वाटेत कोणाला लागली तर."

तिचे वजन चढावर त्याच्या पायांना कळेलच. तरी ती नेतो म्हणाला.

प्रभूच्या सेवेत,
आपले धर्मगुरू