'पोलीस ॲक्शन' आणि एक 'पण'

माझी नानी उमरग्याकडची. तिच्या बोलण्यात सनावळी नसे. कोणतीही गोष्ट एक तर 'पोलीस ॲक्शन'च्या आधीची, नाहीतर नंतरची. 17 सप्टेंबरला मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो. आमच्या घरात त्याच दिवसांचे हे दुसरे नाव. दोन्ही नावे खरी असू शकतात का?

निजामाची सत्ता जाणे न्याय्यच होते. कासिम रझवीच्या रझाकारांनी गावे लुटली, माणसे मारली. भारतात विलीन होण्याची बाजू मांडणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्लाह खान यांचा 22 ऑगस्ट 1948 रोजी खून झाला. तेही मुसलमानच होते. पुढे सप्टेंबरात पाच दिवसांत निजाम शरण आला. जुने राज्य संपले, पण लोकांना मत द्यायला 1952 उजाडावे लागले. मधल्या पोकळीत, सुरुवातीच्या आठवड्यांतच, हिशेब चुकते झाले आणि ते बहुतेक अशा लोकांकडून, ज्यांनी हातात कधी लाठीही धरली नव्हती. पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज 27 ते 40 हजार दिला. उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्गा हे जिल्हे सर्वाधिक होरपळले. हा अहवाल सरकारने कित्येक दशके प्रसिद्धच केला नाही.

हे बोलले की समोरून लगेच येते, "पण रझाकारांनी काय केले?" आणि खरे सांगायचे तर रझाकारांचा विषय निघाला की आपणही म्हणतोच, "पण नंतर काय झाले?" हा 'पण' मला खटकतो. एकाच्या गुन्ह्याचे ओझे दुसऱ्यावर लादू नये, ही शिकवण कुराणात अनेकदा आली आहे. ती फक्त आपल्या मय्यतीपुरती कशी वापरता येईल?

दक्षिण आफ्रिकेत 1990 ते 1994 या संक्रमणकाळात सुमारे 14 हजार माणसे राजकीय हिंसेत गेली. तिथल्या सत्य आयोगाने वर्णद्वेषी सरकारचे अत्याचार नोंदवले, तसेच मुक्तीसाठी लढलेल्यांचेही. त्याने मुक्ती खोटी ठरली नाही.

सुंदरलाल अहवालात आणखी एक नोंद आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवले आणि त्यापायी स्वतःचे जीव गमावले. ही नोंद ना मुक्तीच्या भाषणांत येते, ना आमच्या घरच्या आठवणींत. नानीला ती वाचून दाखवायची राहिली. यंदा वर्गात शोएबुल्लाह खान यांच्यानंतर लगेच या विणकरांबद्दल सांगणार आहे.