मूळ आणि फळ
(वाचन : मत्तय ३:७-१०)

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर डनॉटर किल्ल्याचे भग्नावशेष आहेत. तो कीथ सरदारांचा. कीथ आडनावाची माणसे दूरदेशांहून आपले मूळ शोधीत तेथे येतात. पण आडनावाने रक्ताचे नाते सिद्ध होत नाही. सरदाराच्या आश्रितांनीही त्याचे नाव घेतले. १७१६ साली ती सरदारकीही गेली.

त्याच किल्ल्यात १६८५ साली, धर्माच्या बाबतीत राजाचा अधिकार न मानणारे १६७ स्त्रीपुरुष तळघरात कोंडले होते. काही तेथेच मरण पावले. त्यांचा वारसा मात्र कोणालाही घेता येतो. तो रक्ताने नव्हे, विश्वासाने मिळतो.

“आम्ही चार पिढ्यांचे ख्रिस्ती,” असे म्हणताना योहानाचा इशारा आठवू या. मूळ कितीही जुने असो, देव फळ पाहतो.