शेजाऱ्याचे आमेन

पनवेल, नवीन पनवेल, खांदेश्वर, कामोठे या पट्ट्यात रविवारी मराठीत उपासना होते, तशीच मल्याळम, तमिळ, हिंदी, इंग्रजीतही होते. पोटापाण्यासाठी आलेल्या माणसांनी आपली भाषा आणि आपला पंथ सोबत आणला. काही मंडळ्यांना अन्य भाषांत, म्हणजे प्रार्थनेत आपोआप उमटणाऱ्या आणि ऐकणाऱ्याला न कळणाऱ्या भाषांत, बोलणे आणि आजाऱ्यावर हात ठेवून प्रार्थना करणे हीच पवित्र आत्म्याची खूण वाटते, तर काहींना त्याच गोष्टींची धास्ती वाटते. अशा कृपादानांनी, म्हणजे आत्म्याच्या देणग्यांनी, मंडळ्या फोडल्या, असे सर्रास म्हटले जाते. मला ते पटत नाही. कृपादान मिळाले की ते आपलेच झाले असे आपण धरून चालतो, आणि दुरावा तिथून सुरू होतो.

हा दुरावा जुनाच आहे. प्रेषित पौलाने करिंथकरांना पहिले पत्र इसवी सन ५५ च्या सुमारास इफिसाहून लिहिले. करिंथ हेही व्यापाराचे, नाना ठिकाणच्या लोकांचे शहर. तिथे पौलाचा, अपुल्लोसाचा, केफाचा असे गट पडले होते, आणि प्रभुभोजनाला एक भरपेट खाऊन बसलेला तर दुसरा उपाशी अशी स्थिती होती. बाराव्या अध्यायातल्या यादीत पौल चमत्कार आणि भाषांच्या रांगेतच साहाय्य आणि व्यवस्था यांनाही बसवतो. म्हणजे उपासनेआधी सतरंज्या अंथरणारा आणि दानपेटीचा हिशेब चोख ठेवणारा हेसुद्धा कृपादानाचेच धनी. चौदाव्या अध्यायात तो आणखी पुढे जातो: अर्थ सांगणारा नसेल तर अन्य भाषा बोलणाऱ्याने मंडळीत गप्प बसावे. का? तर शेजारी बसलेल्याला कळलेच नाही, तर तो आमेन कशाला म्हणणार? सारा युक्तिवाद या साध्या प्रश्नावर उभा आहे. दान एकाच्या तोंडी येते, पण ते पुरे होते शेजाऱ्याच्या आमेनने.

महाराष्ट्रात याचा सर्वांत बोलका दाखला केडगावचा आहे. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जून १९०५ मध्ये आत्मिक जागृती सुरू झाली. दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली रडत पापे कबूल करू लागल्या, तासन्‌तास प्रार्थना करू लागल्या आणि पुढे अन्य भाषांतही बोलू लागल्या. रमाबाईंनी त्यांना दडपले नाही. पण भाषा हीच आत्म्याची एकमेव खूण, हेही मानले नाही. त्याच काळात, त्याच आवारात, ही संस्कृतची जाणती विदुषी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणत होती, आणि तेही संस्कृत शब्दांचा भार टाळून, बेताच्या शिक्षणाच्या बाईलाही समजेल असे. मुक्तीच्याच छापखान्यात ते छापले गेले. एका आवारात न कळणारी भाषा आणि कळावे म्हणून केलेला हा अट्टहास एकत्र नांदले. मला तर तिथे पौलाचा चौदावा अध्यायच घडताना दिसतो.

यावर कोणी म्हणेल, कळण्यालाच इतकी किंमत असेल तर अन्य भाषा बंदच कराव्यात. पौल तसे करू देत नाही. तो स्वतः त्या भाषांत बोलत असे आणि मनाई करू नका असेही बजावतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एकी हवी तर सगळ्यांचे एकच चर्च का नको? २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. ते मोठेच काम होते. पण घटना एक झाल्याने बाकावरची माणसे आपोआप एकमेकांची होत नाहीत. शिवाय कामोठ्यातल्या मल्याळी आजीची मातृभाषेतली प्रार्थना हिरावून मिळणारी एकी मला नको. तिला तिची भाषा हवीच, आणि शेजारच्या मराठी बाईला त्या प्रार्थनेचा अर्थही हवा.

म्हणून पनवेलच्या पाळकांना आणि पंचांना एक विनंती आहे. नाताळात किंवा उत्तम शुक्रवारी संयुक्त उपासना ठेवाल तेव्हा दुभाष्याला कोपऱ्यात उभे करू नका. उपदेशकाशेजारी त्याला दुसरा माइक द्या, आणि कृपादानांसाठी प्रार्थना कराल तेव्हा त्याच्या दानाचेही नाव घ्या.