दुसऱ्याच्या नावाने वैराग्य

वृद्ध मनुष्य न्हाणीघरात घसरून पडतो, खुब्याचे हाड मोडते आणि घरात दोन पक्ष होतात. एक म्हणतो, शस्त्रक्रिया करावी. दुसरा म्हणतो, वय झाले, आता कापाकापी कशाला, स्वस्थ पडून हरिनाम घेऊ द्यावे. या दुसऱ्या बोलण्यास धर्माचा वास येतो, म्हणून त्यास सहसा कोणी उत्तर देत नाही. सन २०२० मध्ये करोनाची महामारी आली तेव्हा तर या पक्षास नवे बळ मिळाले. इस्पितळात नेले तर तोच रोग जडेल, मग शस्त्रक्रियेने साधले काय, असे विचारले जाऊ लागले. हा प्रश्न वैद्यकाचा तितकाच नीतीचा असल्यामुळे त्याचा थोडा विचार येथे करावा असे आम्हांस वाटते.

भय निराधार नव्हते, हे प्रथम मान्य केले पाहिजे. त्या वर्षी टाळेबंदीमुळे रस्ते ओस पडले आणि वाहनांचे अपघात कमी झाले. परंतु म्हाताऱ्यांचे पडणे घरातलेच असल्याने ते थांबले नाही. ब्रिटनमध्ये लांबणीवर टाकता येण्याजोग्या शस्त्रक्रिया स्थगित झाल्या, तरी खुब्याच्या चालू राहिल्या. तेथील व इतर देशांतील शल्यवैद्यांनी पुढे जे आकडे मांडले ते विषण्ण करणारे आहेत. खुबा मोडलेल्या ज्या वृद्धांस हा संसर्ग झाला, त्यांतील सुमारे एक तृतीयांश तीस दिवसांच्या आत दगावले. ज्यांस झाला नाही त्यांत हे प्रमाण दहांत एकाहूनही कमी होते. २४ देशांतील सर्व प्रकारच्या शस्त्रक्रियांच्या एका पाहणीत ११२८ बाधित रुग्णांपैकी जवळजवळ २४ टक्के तीस दिवसांत मरण पावले. आणि त्यांतील बहुसंख्यांच्या रोगाचे निदान शस्त्रक्रियेनंतर झाले होते.

आता हे आकडे वाचून मनुष्य काय ठरवितो, यात त्याच्या नीतीची परीक्षा आहे. तिघांत एक गेला म्हणून शस्त्रक्रियाच नको, असा निष्कर्ष कित्येकांनी काढला. परंतु तिघांतील दोघे तीस दिवसांनंतरही जिवंत होते, हेही त्याच आकड्यात लिहिलेले आहे. शिवाय तुलना कोणाशी करावयाची? धडधाकट मनुष्याशी नव्हे. मोडलेला खुबा तसाच घेऊन पडून राहिलेल्या मनुष्याशी. त्याचे पडून राहणे ‘स्वस्थ’ नसते. कूस बदलताना, अंग पुसताना, शौचाचे भांडे सरकविताना तो कळवळतो. पाठीस जखमा होतात, छातीत कफ साचतो, पायांच्या शिरांत रक्त गोठते. अशा वेदनेत हरिनाम कितपत सुचते, हे ज्यांनी शुश्रूषा केली आहे त्यांसच विचारावे. (सल्ला देणारे बहुधा शुश्रूषा करणारे नसतात, असा आमचा अनुभव आहे.) हाड बसविण्याचा हेतू आयुष्याची दोरी लांबविणे एवढाच नाही, माणसास उठवून बसविता यावे, हाही आहे. भारतासह १७ देशांत झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात, तातडीने शस्त्रक्रिया केल्याने मृत्यूंची संख्या विशेष घटली नाही; परंतु बुद्धिभ्रम कमी झाला आणि रुग्ण लवकर उभे राहिले. मृत्यूच तेवढे मोजणाऱ्यास हा लाभ दिसणारच नाही.

आपल्या प्राचीनांस वार्धक्यातील अस्थिभंगाची कठीणता ठाऊक होती. सुश्रुताने कृश, वृद्ध व बालक यांचे भग्न कष्टसाध्य म्हटले आहे, आणि उतारवयात सांधा स्थिर होण्यास तरुणाच्या तिप्पट काळ लागतो असेही नमूद केले आहे. परंतु कठीण म्हणून त्याने सोडून दिलेले नाही. मांडी मोडलेल्या रुग्णास फळीवर खुंट्यांच्या आधाराने निश्चल ठेवण्याची व्यवस्था त्याने वर्णिली आहे. चरकाने मात्र असाध्य रोग वैद्याने हाती घेऊ नये असे सांगितले. तेव्हा कष्टसाध्य कोणते आणि असाध्य कोणते, हे ठरविण्यात सारे कौशल्य आहे. काही रुग्ण इतके क्षीण असतात की त्यांच्या बाबतीत केवळ वेदनाशमन करणे हेच योग्य ठरते. त्या निर्णयास आम्ही दोष देत नाही. पण तो रोग्यास पाहून झालेला असावा, जन्मवर्ष पाहून नव्हे.

गीतेतील फलत्यागाचा आधार येथे पुष्कळांकडून घेतला जातो. फलाची आसक्ती सोडावी याचा अर्थ फलाचा हिशेब ठेवू नये असा होत नाही. ज्या वैद्यांनी त्या भयंकर महिन्यांत मृतांची नोंद ठेवली, त्यांच्याच नोंदींमुळे बाधितांस वेगळे ठेवणे आणि भूल देण्यापूर्वी तपासणी करणे किती अगत्याचे आहे, याचे मोल कळले. शिवाय फलत्याग करावयाचा तो स्वतःच्या फलाचा. मुलाने आईच्या चालण्याचा त्याग करणे हे वैराग्य कसे? त्यात त्याचे काय गेले?

आणि आईस विचारले जाते काय? महामारीच्या काळात आप्तांस आत प्रवेश नव्हता. वृद्ध रुग्ण मुखपट्ट्या लावलेल्या अनोळखी माणसांत एकटे पडले आणि दूरध्वनीवरून मुलांनी निर्णय कळविले. तेव्हा निरुपाय होता. पण आप्त उशाशी बसलेले असतानाही प्रश्न मुलासच विचारला जातो आणि उत्तर मुलगाच देतो. कारण काय, तर तिला नीट ऐकू येत नाही. कानाशी वाकून, थोडे मोठ्याने, दोनदा सांगावे लागेल इतकेच: हाड मोडले आहे, शस्त्रक्रियेत धोका आहे, तो इतका आहे, न केल्यास असे पडून राहावे लागेल, तुला काय हवे?