न लढलेल्या लढाया

डिसेंबर १९९७ मध्ये वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीतली एक कबर उकरण्यात आली. कबर होती लॅरी लॉरेन्स यांची. कॅलिफोर्नियातले बडे हॉटेलमालक, डेमोक्रॅटिक पक्षाचे सढळ देणगीदार आणि स्वित्झर्लंडमधले अमेरिकेचे राजदूत. जानेवारी १९९६ मध्ये, पदावर असतानाच ते वारले आणि सैनिकांसाठी राखलेल्या त्या भूमीत त्यांना जागा मिळाली. दुसऱ्या महायुद्धात 'होरेस बुशनेल' या मालवाहू जहाजावर आपण खलाशी होतो, १९४५ मध्ये जहाजावर टॉर्पेडो आदळला तेव्हा आपण समुद्रात फेकले गेलो, असं ते सांगत असत. जहाज खरं होतं, टॉर्पेडोही खरा होता. लॉरेन्स मात्र त्या दिवसांत शिकागोच्या एका कॉलेजात शिकत होते. नोंदी तपासल्यावर हे उघड झालं आणि कुटुंबीयांच्या विनंतीवरून पार्थिव तिथून हलवण्यात आलं.

या माणसाला काय कमी होतं? पैसा होता, राजदूतपद होतं, राष्ट्राध्यक्षांशी ओळख होती. अशा वेळी आपण चटकन 'न्यूनगंड' म्हणतो आणि पुढे जातो. खोटं बोलणाऱ्याच्या मनात शिरायचं आणि तिथेच उत्तर सापडलं असं समजायचं, ही आपली सवय. मला प्रश्न पडतो तो दुसऱ्या बाजूचा. हे सगळं ऐकणाऱ्यांपैकी, सही करणाऱ्यांपैकी, तोफांची सलामी देणाऱ्यांपैकी एकालाही जहाजाची खलाशीयादी पाहावीशी का वाटली नाही?

खोट्या शौर्याची पैदास बोलणाऱ्याच्या तोंडात जेवढी होते तेवढीच ऐकणाऱ्याच्या कानात होते. व्हिएतनामचं उदाहरण घ्या. ते युद्ध चालू होतं आणि नुकतं संपलं होतं, तेव्हा तिथून परतलेल्या अमेरिकन सैनिकाला फारसं कोणी विचारत नव्हतं. काहींना तर ती वर्षं झाकून ठेवावीशी वाटत. १९७३ मध्ये सक्तीची भरती बंद झाली. १९८२ मध्ये वॉशिंग्टनमध्ये अठ्ठावन्न हजारांच्या आसपास नावं कोरलेली काळ्या ग्रॅनाइटची भिंत उभी राहिली. देशाचा सूर बदलला, सैनिकाबद्दल अपराधीपणा आणि आदर एकदम दाटून आला. पण सक्तीची भरती बंद झाल्यामुळे सुशिक्षित मध्यमवर्गाच्या घरात सैनिक दिसणं जवळजवळ थांबलं होतं. आदर वाढला आणि ओळख आटली. तोतयाला याहून चांगलं हवामान मिळायचं नाही.

बी. जी. बर्केट हे टेक्सासमधले शेअरदलाल, स्वतः व्हिएतनामला जाऊन आलेले. टेक्सासमधल्या व्हिएतनाम सैनिकांच्या स्मारकासाठी निधी जमवताना त्यांना जाणवलं की वर्तमानपत्रांतून आणि टीव्हीवरून 'उद्ध्वस्त सैनिक' म्हणून जे चेहरे दाखवले जातात, त्यांच्या गोष्टी कुठेतरी जुळत नाहीत. माहितीच्या कायद्याखाली त्यांनी एकेकाची सेवानोंद मागवायला सुरुवात केली. १९९८ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकात अशा अनेकांची नोंद आहे. कोणी व्हिएतनामला गेलाच नव्हता, कोणी गोदामात होता आणि जंगलातल्या चकमकी सांगत होता. पकडल्यावर दोन उत्तरं ठरलेली असत. एक, 'माझं काम गुप्त होतं.' दुसरं, 'माझी फाइल जळाली.' दुसऱ्याला निदान खऱ्या घटनेचा टेकू होता. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुइसच्या अभिलेखागाराला लागलेल्या आगीत १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सेवापुस्तिका नष्ट झाल्या. फक्त त्या होत्या लष्करातून १९६० पर्यंत बाहेर पडलेल्यांच्या, आणि हवाई दलातून १९६४ पर्यंत. व्हिएतनामच्या ऐन लढाईतल्या सैनिकांच्या फायली त्या आगीत नव्हत्याच. हे विचारायला एक फोन पुरला असता.

सर्वांत अस्वस्थ करणारं प्रकरण इतिहासकार जोसेफ एलिस यांचं. एप्रिल २००१ मध्ये त्यांना इतिहासलेखनाचं पुलित्झर मिळालं आणि जूनमध्ये 'बोस्टन ग्लोब'ने छापलं की माउंट होलिओक कॉलेजात व्हिएतनाम युद्धावरचा विषय शिकवताना ते विद्यार्थ्यांना स्वतःच्या ज्या लढाऊ आठवणी सांगत, त्या घडलेल्याच नव्हत्या. छत्रीधारी तुकडीचे नायक म्हणून व्हिएतनामला गेल्याचं ते सांगत. प्रत्यक्षात त्या काळात ते लष्करात होते खरे, पण वेस्ट पॉइंटच्या अकादमीत इतिहास शिकवत होते. कॉलेजाने त्यांना वर्षभर बिनपगारी निलंबित केलं. कागदाशिवाय एक वाक्य लिहू नये, ही शिस्त अंगात मुरलेला माणूस वर्गात मात्र कागदाविना बोलत राहिला, आणि वर्गाने टिपणं घेतली.

एलिस काय किंवा टोरांटोच्या बेसबॉल संघाचे व्यवस्थापक टिम जॉन्सन काय, दोघांनी लष्करी सेवा केली होती, हे लक्षात घ्यायला हवं. जॉन्सन मरीन दलाच्या राखीव तुकडीत होते, कॅलिफोर्नियाच्या तळावर जवानांना उखळी तोफा चालवायला शिकवत होते. खेळाडूंना चेव यावा म्हणून ते व्हिएतनामच्या लढाईच्या गोष्टी सांगत, आणि १९९९ मध्ये त्यापायी त्यांची नोकरी गेली. त्यांनी शिकवलेल्या मुलांपैकी काहीजण खरोखर त्या युद्धात गेले असतील. त्या प्रशिक्षकाची किंमत कमी का मानावी? पण 'मी तोफ चालवायला शिकवत होतो' या वाक्यावर ड्रेसिंग रूम शांत होत नाही, हे जॉन्सनना नेमकं ठाऊक होतं.

इथे आपणही फार वेगळे नाही. रजेवर आलेल्या जवानाला लग्नाच्या मांडवात हमखास विचारलं जाणारं एक वाक्य आहे: 'बॉर्डरवर होतास का? किती उडवले?' तो सिग्नलमध्ये आहे, वर्कशॉपमध्ये आहे, लंगरमध्ये आहे किंवा हिवाळ्यात रस्ता मोकळा ठेवणाऱ्या तुकडीत आहे, यात कोणाला रस नसतो. सैन्य ज्यांच्या जोरावर चालतं त्या माणसांची चौकशी आपण करत नाही, आणि मग त्यांच्यातलाच एखादा निवृत्तीनंतर कमांडो होऊन बसतो तेव्हा आश्चर्य करतो. सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांचं परमवीर चक्र आठवून पाहावं. कारवारजवळच्या चेंडिया गावचे, बॉम्बे सॅपर्सचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे निघालेल्या रणगाड्यांसाठी त्यांनी जखमी अवस्थेत, शत्रूच्या माऱ्याखाली सुरुंग काढले, रस्त्यावर टाकलेली झाडं हटवली, वळणवाट तयार केली. देशाचा सर्वोच्च लढाऊ सन्मान एका माणसाला रस्ता करून दिल्याबद्दल मिळाला. 'किती उडवले?' या प्रश्नाला राणे यांच्याकडे ऐकणाऱ्याचं समाधान होईल असं उत्तर कदाचित नसतं.

खोटं पकडणाऱ्यांचाही एक उन्माद असतो, तेही इथेच म्हणायला हवं. अमेरिकेत गणवेशातल्या माणसाला भर बाजारात गाठून, कॅमेरा रोखून उलटतपासणी घ्यायची टूम निघाली. त्यात कधी खरे सैनिक सापडले, कधी मनाने आजारी माणसं. मे १९९६ मध्ये अमेरिकी नौदलाचे प्रमुख ॲडमिरल जेरेमी बूर्डा यांनी आत्महत्या केली. साध्या खलाशापासून त्या पदापर्यंत चढलेला माणूस. व्हिएतनामच्या किनाऱ्याजवळ युद्धनौकांवर काम केल्याच्या दोन पदकफितींवर त्यांनी लढाऊ कामगिरीचं लहानसं धातूचं अक्षर लावलं होतं. त्यावर प्रश्न येताच ते आधीच काढूनही टाकलं होतं. पत्रकार पुन्हा विचारायला येणार, एवढं कळलं होतं. लॉरेन्स आणि बूर्डा यांना एका रांगेत बसवणाऱ्या नीतिमत्तेवर माझा विश्वास नाही.

कायद्याने काय करावं? अमेरिकेने २००५ चा 'स्टोलन व्हॅलर' कायदा करून पाहिला. पदक मिळाल्याचं नुसतं खोटं सांगणंही त्याने गुन्हा ठरवलं. २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका पाणीपुरवठा मंडळाचे सदस्य झेवियर अल्वारेझ यांनी सभेत ओळख करून देताना सांगितलं की आपण पंचवीस वर्षं मरीन दलात होतो आणि १९८७ मध्ये आपल्याला 'मेडल ऑफ ऑनर' मिळालं. ते कधी सैन्यातच नव्हते. (हेच गृहस्थ आपण डेट्रॉइटच्या संघातून आइस हॉकी खेळलो असंही सांगत, त्यामुळे पदकाबद्दल आधी शंका यायला हरकत नव्हती.) खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २८ जून २०१२ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी कायदा रद्द झाला. खोटं तिरस्करणीय असलं तरी केवळ खोटं बोलला म्हणून सरकारने तुरुंगात घालू नये. खोट्याला उत्तर खऱ्या माहितीने द्यावं, पदकविजेत्यांची यादी सर्वांना पाहता येईल अशी ठेवावी, असा न्यायमूर्ती केनेडी यांचा रोख होता. महिन्याभरात पेंटॅगॉनने तशी यादी संकेतस्थळावर आणली. २०१३ चा नवा कायदा पैसा, मालमत्ता किंवा दुसरा ठोस लाभ लाटण्यासाठी केलेल्या खोटेपणापुरताच आहे.

मला हा निकाल पटतो. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेचं कलम १६८ सैनिक नसताना सैनिक भासावं म्हणून गणवेश घालणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड सांगतं. फसवणुकीची कलमं वेगळी आहेतच. भाड्याने घर हवंय, मी फौजी आहे, पोस्टिंगवर आहे म्हणून येता येत नाही, असं सांगून क्यूआर कोड पाठवणारे ठग आणि 'भरतीला चिकटवतो' म्हणून खेड्यातल्या पोरांच्या बापाकडून लाखो उकळणारे नकली मेजरसाहेब यांच्यासाठी ती वापरावीत, आणि कडकपणे वापरावीत. पारावर बढाया मारणाऱ्या म्हाताऱ्यासाठी पोलिस नकोत.

पारावर तसा तो फार टिकतही नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याच्या नावालाच 'मिलिटरी' चिकटलेलं आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले. अशा गावात कोणी शौर्यकथा सुरू केली तर शेजारचा निवृत्त हवालदार शांतपणे विचारील, 'सेंटर कुठलं? बेळगाव का खडकी? नंबर काय तुझा?' आपला आर्मी नंबर फौजी मरेपर्यंत विसरत नाही. तोतयाची गोष्ट तिथेच संपते.

मग वाटतं, ओळख असली की झालं. तसं नाही, हे मराठवाड्याने दाखवलं. हैदराबाद मुक्तिसंग्रामात भूमिगत राहून लढलो असं सांगून बीड जिल्ह्यात मोठ्या संख्येने बोगस लोकांनी स्वातंत्र्यसैनिकाची पेन्शन मिळवल्याच्या तक्रारी झाल्या. वयाचा हिशेबही जुळत नाही, इथपर्यंत. न्यायमूर्ती पालकर आयोगाने चौकशी केली आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर निर्णय दिला. ही माणसं परक्या शहरातली नव्हती. गाव त्यांना ओळखत होतं, त्यांच्या जन्मसालासकट. पण भूमिगताची नोंद स्वभावतःच नसते, म्हणून तुरुंगवास भोगलेल्या स्वातंत्र्यसैनिकाच्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवायची तरतूद होती. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं होतं की अशा वृद्धांकडे फौजदारी खटल्यासारखा काटेकोर पुरावा मागू नये. ती माया योग्य होती. तिच्या आडोशाला सह्यांचा बाजार भरला, आणि पैसा सरकारी तिजोरीतून जात असल्याने शेजाऱ्याने तोंड उघडलं नाही. याची खरी किंमत मोजली ती हैदराबाद संस्थानाच्या सीमेवरच्या शिबिरांत खरोखर राहिलेल्यांनी. त्यानंतर त्यांच्याकडेही लोक डोळे बारीक करून पाहू लागले.

म्हणून कागद हवा, आणि कागद मागताना अवघडायला नको. खऱ्या सैनिकाला सेवापुस्तिका दाखवण्यात अपमान वाटत नाही. त्याने आयुष्यभर प्रत्येक गेटवर ओळखपत्र दाखवलेलं असतं. अवघडतो तो आपण, कारण आपल्याला सत्कारमूर्ती हवी असते आणि कार्यक्रमपत्रिका छापून झालेली असते. पंधरा ऑगस्टला शाळा, सोसायट्या आणि गणेश मंडळं माजी सैनिकांना बोलावतात. महाराष्ट्रात जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिक कल्याण कार्यालय असतं आणि माजी सैनिकांची नोंद तिथे होते. पाहुणा ठरवण्याआधी तिथे विचारा. आणि व्यासपीठावर लढाईवीरच पाहिजे हा हट्ट सोडून एखाद्या वर्षी बावीस वर्षं ट्रक चालवून पेन्शन आलेल्या नायकाला बोलवा, त्याला रस्त्याबद्दल बोलू द्या.