कोष्टक आणि विवेक

एकदा केलेला विचार पुनःपुन्हा करावा लागू नये, एतदर्थ मनुष्याने कोष्टके निर्माण केली. संगणकास अक्षराचे ज्ञान नाही. तो केवळ अंक जाणतो. म्हणून प्रत्येक अक्षरासमोर एक अंक मांडलेले कोष्टक त्याला पुरविलेले असते. अक्षर आले की त्याने कोष्टकात पाहावे व समोरचा अंक उचलावा, ‘असे का?’ हे त्याने विचारावयाचे नसते.

ही युक्ती आपणांस नवी नव्हे. कटपयादि पद्धतीत क, ट, प, य या चारही वर्णांचे मूल्य १ आणि ‘ज’चे ८ आहे, अंक उजवीकडून डावीकडे वाचावयाचे असल्यामुळे ‘जय’ म्हणजे १८. युनिकोडमध्ये तोच ‘क’ २३२५ होतो. अमुक वर्णाला अमुकच अंक असावा, असा सृष्टीचा नियम नाही. तरीही संकेत बंधनकारक असतो. लिहिणाऱ्याने एक कोष्टक वापरावे व वाचणाऱ्याने दुसरे, असे झाल्यास अक्षरे पोहोचतात, अर्थ पोहोचत नाही. संकेत पाळणे हे एक प्रकारे वचन पाळणेच होय.

परंतु नीतीचा खरा प्रश्न याच्या पुढचा आहे. कोष्टक पाहणारा विचार करीत नाही. मग प्रमाद घडल्यास दोष कोणाचा? १९६३ सालच्या ‘आस्की’ संकेतात १२८ स्थाने होती; त्यांत देवनागरीला एकही नव्हते. १९९१ साली युनिकोडने ते दिले. त्यात ‘ळ’ २३५५ व ‘व’ २३५७ आहे. आपल्या वर्णमालेत मात्र ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो. केवळ अंकांच्या क्रमाने शब्द लावल्यास ‘मळा’ हा ‘मवाळ’च्या आधी जाऊन बसेल. यात यंत्र चुकले नाही, कोष्टकही चुकले नाही. अंक ही केवळ राहण्याची जागा होती. तिला मानाचा क्रम समजणारे आपण.

अक्षरांच्या बाबतीत हा प्रमाद दुसऱ्या कोष्टकाने निस्तरता येतो. मनुष्यांच्या बाबतीत तो इतका सोपा नाही. पटावरचा क्रमांक, अर्जाचा क्रमांक, परीक्षेतील गुण हीही कोष्टकेच आहेत, आणि त्यांवाचून समाजाचा व्यवहार चालणार नाही. पण समोर उभ्या असलेल्या माणसाची अडचण कोष्टकात बसत नाही, तेव्हा ‘नोंदीत असेच आहे’ एवढे सांगून मोकळा होणारा अधिकारी यंत्राचे निर्दोषत्व आपल्याकडे घेऊ पाहतो. यंत्र निर्दोष ठरते, कारण त्याला प्रश्न विचारता येत नाही. मनुष्याला ही सबब उपलब्ध नाही.